पाठवणारा स्वतः गेला होता का?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा शाळेच्या आठवणीच लिहाव्यात असे मनात होते. पण डबा, पावसाळ्यात गळणारे वर्ग, पी.टी.चा तास आणि गॅदरिंग यांवर आपल्यातले बरेच जण लिहिणार, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिणार. म्हणून मी एक जुनी उधारी फेडायचे ठरवले आहे. नववीत इतिहासाच्या सरांनी एका तासाला युरोपातल्या धर्मयुद्धांची गोष्ट सांगितली होती. पुस्तकात चारच ओळी होत्या. सरांनी अख्खा तास घेतला. एका साधूचे भाषण ऐकून राजे आणि सरदार कसे भारावले, अंगावर कापडी क्रूस शिवून हजारो माणसे जेरुसलेमच्या वाटेला कशी लागली, हे ऐकता ऐकता मागच्या बाकावरून आपल्यातल्या एकाने हात वर केला आणि विचारले की तो साधू स्वतः गेला होता का. वर्ग हसला. सर हसले नाहीत. आपल्याला ठाऊक नाही असे त्यांनी सरळ सांगितले, आणि ज्याला सापडेल त्याने येऊन सांगावे म्हणाले. तेवढ्यात घंटा झाली.

कोणीच शोधले नाही. मीही नाही. कॉलेज, नोकरी, संसार यांत पंचेचाळीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर वाचनालयातून आणलेल्या युरोपच्या इतिहासात तो साधू पुन्हा भेटला: क्लेरव्होचा मठाधिपती बर्नार्ड. मग मिळेल ते वाचत गेलो. प्रश्न विचारणारा मित्र या मेळाव्याला येणार आहे, सरही येणार आहेत, म्हणून उत्तर लेखी देतो. उत्तर तसे एका शब्दाचे आहे. पण एका शब्दात दिले तर बर्नार्डवर अन्याय होईल, आणि ज्यांना त्याने पाठवले त्यांच्यावरही.

बर्नार्डचा जन्म १०९० सालचा, बर्गंडीतल्या दिजाँ शहराजवळच्या फाँतेन गावातला. बर्गंडी म्हणजे आजच्या फ्रान्सचा पूर्वेकडचा, द्राक्षमळ्यांचा मुलूख. आपल्याकडे तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते आणि ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून दोनशे वर्षे होती. वडील तेसलँ हे बर्गंडीच्या ड्यूकच्या पदरी सरदार. आई आलेथ मोंबारच्या घराण्यातली. सहा मुलगे आणि एक मुलगी, त्यांत बर्नार्ड तिसरा.

सरदाराघरच्या मुलाने घोडा आणि तलवार शिकायची अशी रीत होती. बर्नार्ड प्रकृतीने नाजूक, लाजाळू, पण अभ्यासात तल्लख. म्हणून त्याला शातियों गावी चर्चच्या शाळेत घातले. तिथे तो लॅटिन शिकला, आणि असे शिकला की त्या शतकात त्याच्या तोडीचे लॅटिन लिहिणारे फार थोडे निघाले. पुढे त्याने जे काही घडवले आणि जे काही बिघडवले, ते बरेचसे या भाषेच्या जोरावर. तो सोळा-सतरा वर्षांचा असताना आई गेली. त्या धक्क्यातून तो लवकर सावरला नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

इथे मठांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. युरोपातले बहुतेक मठ सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमाने चालत. दिवसाचे तीन भाग: प्रार्थना, वाचन आणि हाताने काम. पण पाचशे वर्षांत या नियमावर बरीच पुटे चढली होती. ९१० साली स्थापन झालेला क्लूनीचा मठ हा त्या काळचा सर्वांत बडा. त्याच्या हाताखाली शेकडो मठ, इनामे आणि सोन्याची भांडी. प्रार्थना इतकी लांबली होती की हातकामाला वेळ उरत नसे; शेत कुळे कसत. याला कंटाळून १०९८ साली रोबेर नावाचा एक वयस्क मठाधिपती आपल्या मोलेम मठातून एकवीस जणांना घेऊन निघाला आणि दिजाँच्या दक्षिणेला सीतो इथे, दलदलीच्या रानात, नवा मठ घालून बसला. बेनेडिक्टचा नियम जसा लिहिला आहे तसा पाळायचा, एवढेच त्यांचे म्हणणे. कपडे बिनरंगी लोकरीचे, म्हणून त्यांना पांढरे साधू म्हणू लागले, क्लूनीचे काळे. बर्नार्डच्या तरुणपणी सीतोचा प्रमुख स्टीफन हार्डिंग नावाचा इंग्रज होता. मोठा शिस्तीचा आणि शहाणा माणूस. मठ मात्र गरीब, आणि नवे कोणी फारसे येत नव्हते.

१११३ साली बर्नार्ड तिथे दाखल झाला तो एकटा नव्हे. सोबत सुमारे तीस जण होते: चार भाऊ, एक मामा, चुलत-मावस नातलग, शाळेतले आणि गावातले मित्र. त्याआधी काही महिने तो एकेकाला गाठून समजावत फिरत होता. थोरला भाऊ गी विवाहित, दोन लहान मुलींचा बाप. त्याच्या बायकोने साफ नकार दिला, पुढे ती आजारी पडली आणि मग तिने संमती दिली. ती स्वतःही नंतर संन्यासिनी झाली. दुसरा भाऊ जेरार शूर शिपाई, तो कशालाच बधेना. शेवटी लढाईत बरगडीत भाला घुसून तो कैदेत पडला तेव्हा त्याचे मन पालटले. सर्वांत धाकटा निवार अंगणात मुलांबरोबर खेळत होता. निघताना भावांनी त्याला सांगितले की आता हा वाडा, ही जमीन सारी तुझी. त्यावर त्या पोराने विचारले की तुम्हाला स्वर्ग आणि मला माती, ही कसली वाटणी? काही वर्षांनी तोही मागोमाग गेला. त्या पंचक्रोशीत असे म्हणत की बर्नार्ड येतोय असे कळले की आया मुलांना लपवतात आणि बायका नवऱ्यांना.

चरित्रकार हे सगळे विजयाच्या सुरात लिहितात. मला गीच्या त्या दोन मुलींची आठवण राहून राहून येते. त्यांचे कोणी फारसे लिहून ठेवलेले नाही. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. या वेळी बर्नार्ड कोणाला जा म्हणत नव्हता, चला म्हणत होता. सर्वांत पुढे तोच होता.

सीतोत त्याने स्वतःला असे काही जुंपून घेतले की आजूबाजूचे दिसेनासे झाले. ज्या खोलीत वर्षभर राहिला तिचे छत कसे होते हे त्याला सांगता येत नसे. चर्चच्या दर्शनी बाजूला तीन खिडक्या होत्या. त्याला वाटे एकच आहे. पुढे एकदा जिनिव्हाच्या सरोवराकाठून दिवसभर प्रवास केला, आणि संध्याकाळी सोबती सरोवराबद्दल बोलू लागले तेव्हा त्याने विचारले की कुठले सरोवर. झोप कमी, अन्न त्याहून कमी. त्यात पोट कायमचे बिघडले. खाल्लेले ठरेना. प्रार्थनेच्या वेळी उलटी झाली तर म्हणून त्याच्या जागेजवळ जमिनीत एक खळगा करून ठेवावा लागला होता. उतारवयात त्याने स्वतःच कबूल केले की देवाच्या कामासाठी मिळालेले शरीर आपण तरुणपणी विनाकारण मोडून टाकले, आणि ते पापच होते.

१११५ साली, वय अवघे पंचवीस, त्याला बारा जणांबरोबर नवा मठ काढायला पाठवले. जागा ओब नदीच्या खोऱ्यात, कडू दवण्याची दरी असे काहीसे नाव असलेली. तिचे नाव त्यांनी बदलून क्लेरव्हो, म्हणजे उजेडाची दरी, असे ठेवले. पहिला हिवाळा भयंकर गेला. बीच झाडाची पाने उकडून खाल्ली. जेरार कोठाराचा कारभारी होता, आणि कोठारात काही नव्हते. त्यात मठाधिपती असा की आपल्याला जमते ते सर्वांना जमलेच पाहिजे असे धरून चालणारा. साधी माणसे दोष कबूल करायला येत. त्यांना वाईट विचार येतात हेच ऐकून तो हादरे. ती पोरे मुकाट खाली मान घालत. पण त्यांच्या त्या मुकाट्याने सोसण्यातून त्याला स्वतःची चूक कळू लागली, हे त्याच्या निकटच्या मित्राने, सँ-तिएरीच्या विल्यमने, नोंदवून ठेवले आहे. मला वाटते, नव्या शिक्षकाच्या पहिल्या वर्षासारखेच हे आहे. आपले गुरुजन जाणतील.

त्याची प्रकृती इतकी ढासळली की शालोंच्या बिशपांनी, म्हणजे विल्यम ऑफ शाँपो यांनी, वरिष्ठांची परवानगी काढून त्याला वर्षभर मठाच्या कारभारातून सोडवले आणि कुंपणाबाहेरच्या एका झोपडीत ठेवले. हे बिशप एकेकाळचे पॅरिसचे नामवंत गुरू. देखरेखीला ठेवलेला वैद्य मात्र नुसता बढाईखोर होता; तो देईल ते बर्नार्ड निमूट घेई. चवही गेली होती. एकदा पाणी समजून तेल प्याला. त्याच झोपडीत सँ-तिएरीचा विल्यम त्याला प्रथम भेटला आणि जन्माचा मित्र झाला. पुढे दोघेही आजारी असताना क्लेरव्होच्या दवाखान्यात शेजारी पडून बायबलातल्या गीतरत्नावर तासन् तास बोलत असत. बर्नार्डची गीतरत्नावरची ८६ प्रवचने प्रसिद्ध आहेत. त्यांचे बीज त्या आजारपणातले.

घरची उरलेली माणसेही हळूहळू आली. म्हातारे वडील क्लेरव्होतच मुलाच्या हाताखाली साधू झाले आणि तिथेच वारले. बहीण हंबेलिन लग्न होऊन थाटात नांदत होती. ती नोकरचाकर घेऊन, उंची कपड्यांत भावांना भेटायला आली, तर बर्नार्ड भेटायला बाहेरच येईना. दारात रडली, तेव्हा आला. काही वर्षांनी नवऱ्याच्या परवानगीने तीही संन्यासिनी झाली.

पण एक जण निसटला. रोबेर नावाचा कोवळा चुलतभाऊ, क्लेरव्होची उपासमार न सोसून, क्लूनीच्या माणसांबरोबर तिकडे निघून गेला. बर्नार्डने त्याला लांबलचक पत्र लिहिले. त्यात क्लूनीच्या मऊ अंथरुणांवर आणि चमचमीत जेवणावर ताशेरे आहेतच, पण आपण फार कडक वागलो, म्हणून तू गेलास, ही कबुलीही आहे. रोबेर परतला, पण बऱ्याच वर्षांनी.

क्लूनीशी खरा वाद पेटला ११२५ च्या सुमारास. विल्यमच्याच आग्रहावरून बर्नार्डने एक पुस्तिका लिहिली. आधी आपल्याच पांढऱ्या साधूंना झापले, की दुसऱ्याला तुच्छ मानणे हे सुग्रास जेवणापेक्षा वाईट. मग मोर्चा क्लूनीकडे वळवला. मांस वर्ज्य म्हणून माशांचे किती प्रकार, एका अंड्याचे किती नखरे, एका बैठकीत किती दारू चाखायची, मठाधिपतीच्या मागे किती घोडे. आणि चर्चच्या भिंतींना सोन्याचा मुलामा चढतो आहे, बाहेर गरीब उघडा बसला आहे. मठाच्या ओवऱ्यांतल्या खांबांवर कोरलेली माकडे, सिंह, अर्धा माणूस अर्धा घोडा, एका डोक्याची दोन धडे, हे पाहत बसले तर साधूने वाचायचे कधी, असे तो विचारतो. गंमत अशी की ज्याला भलेमोठे सरोवर दिसले नाही, त्याने हे कोरीवकाम इतके बारकाईने वर्णिले आहे की तो नक्कीच बराच वेळ टक लावून उभा राहिला असावा.

त्याच्या सुधारणेचे बळ नुसत्या टीकेत नव्हते. सीतोच्या पंथाची घडी स्टीफन हार्डिंगच्या काळात बसली होती: प्रत्येक मठ आपल्या कारभारापुरता स्वतंत्र, पण ज्या मठातून तो निघाला तिथल्या प्रमुखाने वर्षातून एकदा येऊन तपासणी करायची, आणि सगळ्या प्रमुखांनी दरवर्षी सीतोला एकत्र बसायचे. रानातली पडीक जमीन घ्यायची, कुळे ठेवायची नाहीत, स्वतः कसायची. निरक्षर शेतकरी तरुणांनाही व्रत देऊन बंधू म्हणून घेतले जाई. शेतवाड्या बहुतेक तेच सांभाळत. क्लेरव्होत ओब नदीचे पाणी पाटाने आत आणले होते. ते दळणाची गिरणी फिरवी, लोकरीचे कापड घट्ट करणारे दांडे हलवी, चामडे कमावायच्या जागी जाई आणि जाताना घाण धुऊन नेई. भिंती उघड्या, काचा बिनरंगी, क्रूस लाकडी. ११३५ च्या सुमारास माणसे मावेनात म्हणून मोठी इमारत बांधायची ठरली, तेव्हा सर्वांत जास्त विरोध बर्नार्डनेच केला. आताचे दगडी घर एवढ्या खर्चाने बांधले, ते टाकून दुसरे बांधले तर लोक काय म्हणतील, ही त्याची चिंता. शेवटी ऐकले. त्याच्या मृत्यूच्या वेळी क्लेरव्होतून थेट निघालेले मठ ६८ होते आणि पंथाचे एकूण साडेतीनशेच्या आसपास. चाळीसेक वर्षांपूर्वी सीतोत कोणी यायला तयार नव्हते, हे लक्षात घ्या.

एवढे नाव झाल्यावर जग त्याला मठात बसू देईना. आणि खरे सांगायचे तर त्यालाही बसवेना. ११३० मध्ये एकाच दिवशी रोममध्ये दोन पोप निवडले गेले, इनोसंट दुसरा आणि अनाक्लेटस दुसरा. बर्नार्डने इनोसंटची बाजू घेतली आणि आठ वर्षे फ्रान्स, जर्मनी, इटली पालथे घालून राजांना त्याच्या बाजूला वळवले. या लढ्यात अनाक्लेटसचे पूर्वज यहुदी होते हाही मुद्दा त्याने त्याच्याविरुद्ध वापरला. ते वाचताना मला वाईट वाटले. बिशपपदे चालून आली, मिलानचे, रेम्सचे. त्याने सगळी नाकारली. आपण ना धड साधू ना धड संसारी, अशी खंत तो पत्रांतून व्यक्त करी, आणि पुढच्या पत्रात पुन्हा कुठल्यातरी भांडणात उतरे.

११३८ साली वाद मिटला, तो घरी परतला, आणि जेरार गेला. तोच बरगडीत भाला लागलेला भाऊ, ज्याने तेवीस वर्षे कोठार, शेत, गवंडी, लोहार सगळे सांभाळून बर्नार्डला मोकळे ठेवले होते. अंत्यविधी बर्नार्डने कोरड्या डोळ्यांनी केला. नंतर गीतरत्नावरच्या प्रवचनाला बसला, नेहमीप्रमाणे श्लोकाचा अर्थ सांगू लागला, आणि मध्येच तुटला. पुढचे सगळे प्रवचन हा भावासाठीचा शोक आहे. साधूने रडू नये असे मानणाऱ्यांसमोर तो रडला, आणि ते लिहून ठेवू दिले. त्याचे इतके लेखन आहे, पण मला हे पान सर्वांत जवळचे वाटते.

याच्या दोन-तीन वर्षांनंतरचे प्रकरण मात्र त्याला शोभणारे नाही. पीटर अबेलार हा पॅरिसचा विलक्षण शिक्षक. युरोपभरातून विद्यार्थी त्याच्याकडे येत. शंकेतून प्रश्न आणि प्रश्नातून सत्य, ही त्याची पद्धत. बर्नार्डला यात श्रद्धेचा नाश दिसला. सांस शहरात राजासमोर, बिशपांसमोर जाहीर वाद ठरला. पण आदल्याच संध्याकाळी बर्नार्डने बिशपांना एकत्र बसवून अबेलारची विधाने चुकीची ठरवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी अबेलारला कळले की इथे वाद नाही, निकाल आहे. तो काही न बोलता रोमकडे दाद मागायला निघाला. वाटेत थकलेल्या, आजारी अबेलारला क्लूनीचा मठाधिपती पीटर याने आसरा दिला, दोघांचा समेटही घडवला, आणि ११४२ मध्ये अबेलार क्लूनीच्याच एका मठात शांतपणे वारला. ज्या क्लूनीवर बर्नार्डने एवढे कोरडे ओढले होते, त्याच क्लूनीने या प्रसंगी जास्त माणुसकी दाखवली.

आता सरांच्या त्या तासाकडे येतो. ११४४ साली पूर्वेकडचे एडेसा हे ख्रिस्ती राज्याचे शहर झंगी या तुर्की सेनानीने जिंकले. ११४५ मध्ये पोप झाला तो यूजीन तिसरा, म्हणजे क्लेरव्होतलाच एकेकाळचा साधू, बर्नार्डचा विद्यार्थी. त्याने धर्मयुद्धाचा प्रचार गुरूवर सोपवला. ३१ मार्च ११४६, ईस्टरचा दिवस, बर्गंडीतले व्हेझले. गर्दी चर्चमध्ये मावेना म्हणून बाहेर माळावर लाकडी मंच बांधला. शेजारी फ्रान्सचा राजा सातवा लुई, छातीवर क्रूस लावून. बर्नार्ड बोलला. कापडी क्रूस वाटता वाटता संपले, तेव्हा त्याने अंगावरचा झगा फाडून क्रूस करून दिले. नंतर त्याने पोपला कळवले की गावे आणि किल्ले ओस पडत आहेत, नवरे जिवंत असलेल्या बायका विधवांसारख्या दिसत आहेत. हे त्याने अभिमानाने कळवले होते. वर्षअखेरीला श्पायरमध्ये त्याने जर्मन राजा तिसरा कॉनराड यालाही राजी केले. जर्मन लोकांना त्याची भाषा कळत नव्हती, तरी ऐकून रडत होते, असे म्हणतात.

या वेळी तो चला म्हणत नव्हता, जा म्हणत होता.

त्या हिवाळ्यात त्याने केलेली एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांत राडुल्फ नावाचा एक साधू, वरिष्ठांना न विचारता, लोकांना यहुद्यांविरुद्ध भडकवत होता, आणि खून पडू लागले होते. बर्नार्डने आधी पत्रे पाठवली. भागेना म्हणून स्वतः गेला. माइन्झमध्ये राडुल्फला गाठले आणि मठात परत धाडले. जमाव चिडला होता, बर्नार्डच्या नावाचा धाक नसता तर दंगल झाली असती. बॉनचे रब्बी एफ्राइम तेव्हा लहान होते. पुढे त्यांनी हिब्रू भाषेत त्या दिवसांचा वृत्तांत लिहिला, आणि त्यात या ख्रिस्ती साधूचे उपकार नावानिशी नोंदवले, त्याने आमच्याकडून पैसा घेतला नाही हेही लिहिले. पण त्याच माणसाने काही महिन्यांनी बाल्टिक किनाऱ्यावरच्या स्लाव्ह लोकांविरुद्ध मोहिमेला पाठिंबा देताना, ते धर्म तरी बदलोत किंवा नष्ट तरी होवोत, असे लिहिले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. मी त्यांची बेरीज-वजाबाकी करू शकलेलो नाही.

धर्मयुद्धाचे पुढे काय झाले ते थोडक्यात. कॉनराडचे सैन्य ऑक्टोबर ११४७ मध्ये आजच्या तुर्कस्तानात डोरिलेयमजवळ कापले गेले. लुईचे सैन्य जानेवारीत डोंगरात सापडले. उरलेल्यांना जहाजे पुरेनात, राजा आणि सरदार निघून गेले आणि पायदळ किनाऱ्यावर राहिले. जुलै ११४८ मध्ये सगळ्यांनी मिळून वेढा घातला तो एडेसाला नव्हे तर दमास्कसला, जे काही काळापूर्वीपर्यंत जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचे मित्र होते. चार-पाच दिवसांत वेढा उठवून परत. झाले एवढेच.

घरोघरी दोष बर्नार्डला दिला गेला. त्याने चमत्काराची आश्वासने दिली होती, आणि मुलगे परत आले नव्हते. त्याचा स्वतःचा नातलग आणि क्लेरव्होचा जुना सोबती, लांग्रचा बिशप गोडफ्रे, या मोहिमेत गेला होता. तो जिवंत परतला. बर्नार्डने यूजीनसाठी पोपच्या कर्तव्यांवर एक पुस्तक लिहायला घेतले होते, त्याच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी त्याने उत्तर दिले. मोझेसने नेलेले लोकही वाळवंटात मेले, लोकांच्या पापांमुळे यश आले नाही, असा त्याचा युक्तिवाद. तो मला पटत नाही. त्या आयांना पटला असेल असे वाटत नाही. पण त्याच पानावर तो म्हणतो की लोकांना कुणाला तरी शिव्या द्यायच्याच असतील तर देवाला नकोत, मला द्या. त्याने दोष झटकला नाही, हे खरे.

मग ११५० साली शार्त्र शहरात नव्या मोहिमेसाठी सभा भरली. जमलेल्यांनी ठरवले की या वेळी सेनापती बर्नार्डच असावा. म्हणजे आपल्या मित्राने वर्गात जे विचारले, ते त्याच्या हयातीतच लोकांनी त्याला विचारले होते, जरा वेगळ्या रीतीने. बर्नार्ड साठीचा, अन्न न ठरणारा. सैन्याची व्यूहरचना करणारा मी कोण, असे त्याने पोपला लिहिले. पण नेमणूक नाकारलीही नाही, वर नव्या मोहिमेसाठी पोपकडे आग्रह धरला. पंथातल्या इतर मठाधिपतींना हे मान्य नव्हते, राजेही थकले होते. मोहीम निघालीच नाही.

तेव्हा सर, उत्तर असे: नाही, तो गेला नाही.

शेवटची तीन वर्षे तशी जड गेली. त्याचाच एक लेखनिक, निकोलस, त्याच्या नावाने खोटी पत्रे शिक्का मारून पाठवत होता असे उघडकीस आले. ८ जुलै ११५३ ला यूजीन वारला. त्याच वर्षी मेत्स शहराचे लोक आणि लोरेनचा ड्यूक यांच्यात रक्तपात सुरू झाला होता, आणि त्रीरचे आर्चबिशप मध्यस्थी करा म्हणून विनवायला क्लेरव्होला आले. बर्नार्ड अंथरुणाला खिळलेला होता. तरी उठला, गेला, मोझेल नदीकाठी दोन्ही बाजूंना भेटत राहिला आणि समेट घडवून आणला. तिथून आला तो पुन्हा उठला नाही. २० ऑगस्ट ११५३ रोजी सकाळी क्लेरव्होत तो वारला.